गजालीची खोली

कुडाळला विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. प्रत्येक माध्यमिक शाळेतून एकाने यायचं असा आदेश होता, आणि आमच्या शाळेत कुणालाच जायचं नव्हतं. माझं माहेर कुडाळजवळच्या एका गावात. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, तुम्हीच जा. आईच्या हातचं जेवालही." मी खरंच तेवढ्यासाठीच गेले. मी विज्ञान शिकवते. मनाबिनाचं आपल्याला काय कळणार, आणि कळलं तरी त्याचं करायचं काय, असं मला वाटत होतं.

पहिल्या दिवशी दुपारी, जेवणानंतर सगळ्यांचे डोळे मिटायला लागले असताना, शिकवायला आलेल्या डॉक्टर बाईंनी आम्हाला जोड्या करून बसवलं. एकाने अलीकडे मनाला लागलेली एक गोष्ट सांगायची, दुसऱ्याने नुसतं ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही, "अहो, चालायचंच" असंही म्हणायचं नाही. माझ्या वाट्याला देवगडकडचे पीटीचे सर आले. झुपकेदार मिशा, दाराएवढी रुंद छाती. ते वडिलांच्या आजारपणाबद्दल सांगायला लागले आणि सांगता सांगता रुमाल शोधू लागले. माझ्या जिभेवर सल्ल्यांची रांग लागली होती. ती सगळी गिळून मी बसून राहिले. शेवटी सर म्हणाले, "बरं वाटलं हो. हे मी घरीसुद्धा कुणाला बोललो नव्हतो."

आणि मी तर काहीच केलं नव्हतं! परतीच्या एसटीत मला स्वस्थ बसवेना. अंगात वारं भरल्यासारखं झालं होतं. आमची शाळा तोंडवलीच्या बाजूची, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. मुलं मासेमारी करणाऱ्या घरांतली, नाहीतर पर्यटकांना खोल्या देणाऱ्या घरांतली. त्यांचे चेहरे एकेक करून डोळ्यांसमोर यायला लागले. वर्गात डोकं दुखतं म्हणून झोपणारा, नखं खाऊन बोटं लाल केलेली, गेल्या वर्षापासून एकदम गप्प झालेली. मी त्यांना प्रकाशाचं अपवर्तन शिकवत होते आणि हे सगळं माझ्या समोर बसलेलं होतं.

दुसऱ्याच दिवशी मी मुख्याध्यापकांसमोर उभी राहिले. "सर, मला एक खोली द्या."

"खोली? कशाला?"

"मुलांना येऊन बोलता येईल अशी."

सर चष्मा काढून हसले. माणूस सज्जन, पण त्यांना हे पटेना. "मॅडम, आमच्या वेळी मास्तरांच्या छडीशिवाय कुणी आमच्याशी बोलत नव्हतं. आम्ही झालोच ना मोठे?" तरी त्यांनी क्रीडासाहित्याची खोली दिली. फाटक्या चटया, गंजलेली लेझीम आणि धुळीची पुटं. मी आणि आमच्या शाळेच्या मावशींनी ती झाडून काढली, चुना मारला, चटई घातली. मी दारावर सुंदर अक्षरांत पाटी लावली, 'समुपदेशन कक्ष'.

कुणी आलं नाही. मधल्या सुट्टीत मी रोज दार उघडून बसायची आणि मुलं माझ्यासमोरून डोळे चुकवून नळावर जायची. एकदा दोघींना हाताला धरून आत आणलं आणि मायेने विचारलं, "कशा आहात गं?" दोघी एका सुरात म्हणाल्या, "बऱ्या आहोत मॅडम," आणि पळाल्या. नंतर मावशी हसत हसत म्हणाल्या, "मॅडम, पोरांका वाटता, थंय गेलेल्याचा डोक्या फिरलेला आसा."

मग एका मांजरीने माझं काम सोपं केलं. लेझमीच्या खोक्यात तिने पिल्लं घातली. बातमी अर्ध्या तासात शाळाभर! मधल्या सुट्टीत दारात ही गर्दी. मी नियम केला: आत चपला काढून यायचं, खाली बसायचं, आवाज लहान ठेवायचा. मुलं बसली. मांडीवर पिल्लू घेतलं की मुलांची मान खाली जाते, नजर पिल्लावर राहते, आणि तोंड आपोआप सुटतं. कुणाचा बाप मुंबईला नोकरीला, गणपतीला पण आला नव्हता. कुणाला मोबाइलवरच्या गटात 'काळी' म्हणून चिडवत होते. कुणाला अंधारात झोपायची भीती वाटत होती आणि नववीत असून कसं सांगायचं ते कळत नव्हतं. मी नुसती ऐकत होते आणि आतून नाचत होते. एका मुलीने माझी पाटी काढून उलटी केली आणि मागे खडूने लिहिलं, 'गजालीची खोली'. गजाल म्हणजे आमच्याकडे निवांत मारलेल्या गप्पा. मी ती पाटी तशीच ठेवली. सरांनी जाता-येता वाचली, पण काढायला लावली नाही.

ज्या मुलीने पाटी उलटली ती दहावीत होती. शाळेत कायम पहिली. सडसडीत, चटपटीत, खो-खोत वाऱ्यासारखी पळायची. निदान आदल्या वर्षीपर्यंत पळायची. तिच्या वडिलांची पर्यटकांना फिरवणारी होडी होती आणि आई घरी पाहुण्यांच्या जेवणाखाण्याचं बघायची. ही मुलगी खोलीत यायची, सगळ्यांना हसवायची, पाटीपासून पिल्लांच्या नावांपर्यंत सगळं ठरवायची. स्वतःबद्दल मात्र एक अक्षर बोलायची नाही.

जानेवारीत दहावीची पूर्वपरीक्षा आली. गणिताच्या पेपरला मी वर्गावर होते. निम्मा वेळ झाला असेल. तिच्या हातातून पेन पडलं. मला वाटलं, उचलेल. तिने उचललं नाही. ती स्वतःच्या बोटांकडे बघत होती, जणू ती दुसऱ्याची आहेत. मग तिचा श्वास जोरजोरात चालू झाला, ओठ पांढरे पडले, आणि ती बाकावरून घसरत खाली आली. मी धावले. तोवर मागच्या बाकावरची एक रडायला लागली, "मॅडम, माझे पण हात..." आणि तिसरी खिडकीजवळ डोकं टेकून थरथरायला लागली. सबंध वर्ग उभा राहिला. पाणी आणि हुंगवायला कांदा मागत शिपाईदादा दारातूनच ओरडले, "पाणी हाडा! कांदो हाडा!" कुणीतरी पुटपुटलं, "लागीर झाला."

पण डोक्यात एकदम लख्ख झालं. हे मला कुडाळला शिकवलंय! मी बाकीच्यांना शेजारच्या वर्गावरच्या सरांकडे सोपवलं आणि तिघींना बाहेर सुरूच्या झाडांखाली नेऊन बसवलं. "हे बघा, श्वास हळू सोडायचा आहे. घाबरण्यासारखं काही नाही," मी म्हणाले. जिचं पेन पडलं होतं ती माझ्याकडे बघत होती, पण माझं बोलणं तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. मी शाळेत नेहमी पुस्तकी मराठीच बोलते, लागून गेलेली सवय. त्या क्षणी ती कुठे गळून पडली कुणास ठाऊक. मी तिचे दोन्ही हात धरले.

"गो, माझ्याकडे बघ. तुका कायएक होवचा नाय. मी आसंय हयसर. पाय वाळूत रोव. रोवलंस? आता सोड, हळू सोड... मेणबत्ती विझता नये, पण ज्योत हलाक व्हयी. तसा."

तिने मान हलवली. फुंकर आली, तुटक तुटक. पुन्हा एक. "आता माका सांग, तुका काय काय दिसता?"

"सुरू," ती म्हणाली.

"आणि?"

"कावळो." थोडं थांबून, "मॅडम, तुमची चप्पल उलटी आसा."

खरंच, धावपळीत मी चपला उलट्यासुलट्या घातल्या होत्या! बाकीच्या दोघी रडता रडता खुदकन हसल्या. हळूहळू तिघींचे श्वास ताळ्यावर आले. तिच्या बोटांत पुन्हा जीव आला तेव्हा ती म्हणाली, "माका वाटला मी मरतंय आता."

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी येऊन तिघींना तपासलं. नाडी, रक्तदाब, सगळं नीट. "धास्तीने झालंय, पॅनिक अटॅक म्हणतात याला," ते म्हणाले. पण तोपर्यंत गावभर वेगळंच झालं होतं. संध्याकाळी शाळेत पालक जमले. एक म्हणाला, देवाला गाऱ्हाणं घालूया. दुसरा म्हणाला, त्या खोलीतच काहीतरी आहे, मुलं तिथेच जाऊन बसतात. आणि शाळा समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "या तिघींना बोर्डाच्या परीक्षेपर्यंत घरीच ठेवा. एकीचं बघून दुसरीला होतं. बाकीच्यांचं नुकसान नको."

मी तडक उभी राहिले. "गाऱ्हाणं जरूर घाला, मीही येते हात जोडायला. पण पोरींना घरी बसवू नका. त्यांना वाटेल, आपण कायमच्या बिघडलो."

सगळे मुख्याध्यापक सरांकडे बघायला लागले. मला वाटलं, आता खोलीला कुलूप. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पोरी वर्गातच बसतील," ते म्हणाले. "गणिताचा पेपर पुन्हा घेऊ. आणि मॅडम, तुमच्या त्या कुडाळच्या डॉक्टर बाईंना फोन लावा. आत्ताच लावा, माझ्यासमोर." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी मधल्या सुट्टीत खोलीत आली. दार तिनेच लोटलं. पिल्लू मांडीवर घेतलं, आणि पहिल्यांदाच स्वतःबद्दल बोलली.

त्यांच्याकडे हंगामात पाहुणे भरलेले असतात. दिवाळीपासून तिची खोली पाहुण्यांना दिली होती आणि ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात अभ्यास करत होती. आई प्रत्येक पाहुण्याला कौतुकाने सांगायची, ही आमची हुशार, तालुक्यात पहिली येणार. मग मुंबई-पुण्याची माणसं जेवता जेवता तिला विचारायची, किती तास अभ्यास करतेस, पुढे काय व्हायचंय. रोज नवी माणसं, रोज तेच प्रश्न. खो-खो बंद. संध्याकाळी वडिलांबरोबर होडीत जायची, तेही बंद. जो भेटेल तो विचारायचा, "अभ्यास झालो?"

"जेवलंस काय, ह्यासुद्दा कोणी विचारल्यानी नाय, मॅडम," ती म्हणाली. "खयचोय माणूस भेटलो की माझे हात थंड पडतत."

मी विचारलं, "हे मी तुझ्या आई-बाबांना सांगू का?" ती बराच वेळ पिल्लाचे कान चोळत राहिली. मग म्हणाली, "नको. मीच सांगतंय. पण तुमी बसा माझ्याबरोबर."

डॉक्टर बाई त्याच आठवड्यात आल्या. आधी तिघींशी वेगवेगळं बोलल्या, मग एकेकीच्या आईवडिलांना खोलीत बोलावलं. त्या मुलीचे वडील दारातच अवघडून उभे होते, उन्हाने रापलेले, हातात टोपी. चटईवर बसा म्हटल्यावर कसेबसे बसले. आईच्या डोळ्यांना धार लागली होती. ती सारखी म्हणत होती, "आमी तिका कधी बोललंव सुद्दा नाय हो."

मुलगी बोलायला लागली. सुरुवातीला माझ्याकडे बघून, मग हळूच वडिलांकडे. खोलीचं सांगितलं, पाहुण्यांचं सांगितलं. आणि मग म्हणाली, "बाबा, तुमी माका गणपतीनंतर एकदापण होडयेत नेलास नाय."

वडिलांनी तोंड उघडलं. मला भीती वाटली, आता म्हणतील, ते तुझ्या भल्यासाठीच. डॉक्टर बाईंनी त्यांच्याकडे बघून मान किंचित हलवली. ते थांबले. टोपी फिरवत राहिले. मग घसा खाकरून म्हणाले, "माका वाटला, तुझो येळ फुकट जायत." आणि थोड्या वेळाने, "आज येतंस?"

"आज?"

"आजच. भरती आसा."

मी आनंदाने तिथेच ओरडणार होते. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, सगळ्या दहावीक नेऊया?" वडील हसले. त्यांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं.

सरांची परवानगी मिळाली आणि शाळा सुटल्यावर आमचा अख्खा वर्ग खाडीच्या काठी! लाइफ जॅकेट चढवता चढवता नुसता गोंधळ. दोन खेपा करायच्या ठरल्या. मला पहिल्या खेपेत ढकललं. आता खरं सांगायचं तर मी भातशेतीच्या गावातली, इतकी वर्षं समुद्राकाठी नोकरी करून होडीत कधी पाय ठेवला नव्हता. खाडीत ठीक होतं. माडांचे शेंडे, पाण्यावर पडलेलं पिवळं ऊन, मुलांची गाणी. पण खाडीच्या मुखाशी लाट आली आणि होडीचं नाक वर उचललं गेलं. मी किंचाळले आणि शेजारच्या मुलाला घट्ट मिठी मारली.

"मॅडम घाबारली!" ती पुढून ओरडली आणि जी हसत सुटली, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत! वडिलांनी तिला हाताने जवळ बोलावलं आणि सुकाणू तिच्या हातात दिलं. तिने पाय फाकवून उभं राहत होडी अलगद वळवली. केस तोंडावर उडत होते. खो-खोच्या मैदानावर दिसायची तशीच ती दिसली मला. लाटेची भीती विसरून मी टाळ्या वाजवल्या, होडीतल्या सगळ्यांनी वाजवल्या.

त्या आठवड्यात घरातली तिची खोली तिला परत मिळाली. आईने पाहुण्यांना सांगून टाकलं, ही खोली देत नाही. दहावीसाठी सरांनी वेळापत्रकात खेळाचा तास पुन्हा घातला. गणिताचे सर कुरकुरले, पण तासाला शिट्टी वाजवायला तेच पुढे.

सगळं एका झटक्यात नीट झालं असं मात्र नाही. तिला आणखी दोनदा तसंच झालं, एकदा वर्गात, एकदा घरी. दर महिन्याला ती डॉक्टर बाईंकडे जात राहिली. पण आता काय होतंय ते तिला कळत होतं, आणि वर्गालाही कळत होतं. कुणी कांदा आणायला धावलं नाही. शेजारची मैत्रीण नुसती तिच्या पाठीवर हात ठेवून बसायची.

बोर्डाच्या गणिताच्या पेपरला मी परीक्षा केंद्राबाहेर उन्हात येरझाऱ्या घालत होते. पेपर सुटला. मुलांचा लोंढा बाहेर आला आणि त्यातून ती धावत, दप्तर उडवत आली. "मॅडम, झाला माका मधीच! हात थंड पडले. मी पेन ठेवलंय, पाय जमनीर टेकलंय आणि बसान रवलंय. मगे गेला. आपसूक गेला! मगे लिवलंय!" पेपर सोपा होता की अवघड, हे विचारायचं मला सुचलंच नाही. आम्ही दोघी रस्त्यातच उड्या मारत होतो आणि येणारे-जाणारे बघत होते.

ती तालुक्यात पहिली आली नाही. शाळेतही पहिली आली नाही. चांगले गुण मिळाले, आणि तिच्या वडिलांनी शाळेत येऊन प्रत्येकाच्या हातावर गुळाचं मालवणी खाजं ठेवलं. "किती पडले?" असं विचारणाऱ्या एका पालकाला ते म्हणाले, "पडले पुरते." आता ती मालवणला अकरावीत आहे आणि खो-खोच्या संघात आहे.

जूनमध्ये नव्या वर्षाची पालकसभा झाली. सभागृह भरलेलं होतं. गणवेश, पुस्तकं, एसटीच्या वेळा असं सगळं नेहमीचं झालं. सर म्हणाले, "कुणाला काही विचारायचं आहे?" मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. जाळी विणणारा माणूस, गावात कमी बोलणारा म्हणून माहीत. मला वाटलं, गणवेशाचं काहीतरी असेल.

ते आपल्या मुलीबद्दल म्हणाले, "माझा चेडू आठवीत आसा. रातची झोपणा नाय, रडत बसता. आमका समजणा नाय काय करूचा ता. तेका त्या गजालीच्या खोलयेत आणू काय?"

भरल्या सभेत, सगळ्या गावासमोर! मी आजूबाजूला पाहिलं. कुणी हसलं नाही. कुणी कुणाला कोपराने ढोसलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका मुलाच्या आईने मागे वळून म्हटलं, "आणा हो. माझो झिल पण जाता थंय." समितीतले ते गृहस्थही मान डोलावत होते. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या, 'बोला आता' अशा.

मी उठले. एवढंच म्हणाले, "उद्याच आणा. मधल्या सुट्टीत. मी आसंय."

ते गृहस्थ "बरा" म्हणून खाली बसले, आणि सरांनी छत्र्या ठेवायच्या जागेबद्दल सांगायला सुरुवात केली.